छातीचं ऑपरेशन, भूल आणि नंतरची मळमळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाऊसमध्ये झालेल्या आरोग्य व्याख्यानमालेतील तिसरे व्याख्यान. वक्त्या आपल्याच सोसायटीच्या सभासद असून व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहेत. बोलण्याचा ओघ कायम ठेवून मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न व उत्तरे दिली आहेत. – संपादक मंडळ)



कमिटीने मला सांगितलं, "मॅडम, पहिलं व्याख्यान हृदयविकारावर झालं, दुसरं मधुमेहावर झालं, तुम्ही भुलीवर बोला." मी म्हटलं, भुलीवर बोलायचं तर लोक झोपतील! तेव्हा मी एकच विषय घेतलाय. छातीच्या ऑपरेशननंतर होणारी मळमळ आणि उलटी, आणि ती कमी करण्यासाठी अफूवर्गीय औषधं न वापरता भूल देता येते का, हा तो विषय. ऐकायला अगदी बारीक वाटेल. पण आपल्या सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा इथले बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीतले होते. आज तेच साठी-पासष्टीला आलेत. प्रत्येक विंगमध्ये दरवर्षी दोन-चार ऑपरेशनं होतातच. त्यामुळे आज ऐकलेलं कधी ना कधी घरात उपयोगी पडेल.

ऑपरेशन ठरलं की घरातले सगळे सर्जनबद्दल चौकशी करतात. हात कसा आहे, किती ऑपरेशनं केली, बिल किती होईल. भूल कोण देणार हे कुणी विचारत नाही. आमची पेशंटशी भेट दहा-पंधरा मिनिटांची. त्यात पेशंट दोनच गोष्टी विचारतो. "डॉक्टर, दुखणार नाही ना?" आणि "मी परत जागा होईन ना?" मळमळीबद्दल विचारणारा क्वचित भेटतो. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी भेटला की म्हणतो, "दुखणं सोसवलं हो, पण त्या उमाशांनी जीव नकोसा केला."

हा काही फक्त माझा अनुभव नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एक पाहणी झाली होती, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. ऑपरेशनला जाणाऱ्या लोकांना विचारलं, की भुलीनंतर कोणता त्रास तुम्हाला सगळ्यात नको आहे? यादीत वेदना होती, थरथर होती, घसादुखी होती. लोकांनी पहिला नंबर दिला तो उलटीला. वेदनेच्याही वर! आमच्या क्षेत्रात मात्र बरीच वर्षं हा त्रास किरकोळ समजला जायचा. "होतं थोडं, एक इंजेक्शन देऊ." आज चित्र बदलतंय, आणि ते का बदलतंय ते सांगते.

भूल म्हणजे नक्की काय देतात?

थोडा इतिहास. १६ ऑक्टोबर १८४६ या दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून ऑपरेशन करता येतं हे जाहीरपणे दाखवलं. तिथून आधुनिक भूलशास्त्र सुरू झालं असं मानतात. ईथर एकच औषध, आणि तेच सगळी कामं करायचं. झोपही तेच, वेदनाही तेच थांबवणार, स्नायूही तेच सैल करणार. त्यासाठी ते भरपूर द्यावं लागे, आणि मग पेशंट जागा झाला की उलट्या ठरलेल्या. तुमच्यापैकी ज्यांच्या आईवडिलांची ऑपरेशनं ईथरच्या काळात झाली असतील, त्यांनी या गोष्टी घरात ऐकल्या असतील.

१९२६ साली अमेरिकेतल्या जॉन लंडी यांनी 'संतुलित भूल' हा शब्द रूढ केला. म्हणजे एकाच औषधाचा मोठा डोस नको, वेगवेगळी औषधं थोडी थोडी द्यायची आणि प्रत्येकाने आपापलं काम करायचं. १९४२ साली माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी स्नायू सैल करायला क्युरारे वापरलं. १९६० साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी फेंटॅनिल तयार केलं. मॉर्फिनच्या साधारण शंभर पट ताकदीचं, पटकन काम करणारं आणि हृदयाला सोसणारं. तेव्हापासून झोपेचं औषध, स्नायू सैल करणारं औषध आणि वेदनेसाठी अफूच्या कुटुंबातलं औषध, अशी तिकडी जगभर पक्की झाली. आपल्याकडेही तेच. फेंटॅनिल, मॉर्फिन, पेथिडीन, ट्रामाडॉल ही नावं तुम्ही डिस्चार्ज कार्डावर वाचली असतील. ती सगळी या एका कुटुंबातली भावंडं.

वेदनेवर ही औषधं उत्तम. पण त्यांच्यामागोमाग चार पाहुणे हमखास येतात. श्वास मंदावणं, बद्धकोष्ठ, अंगाला खाज आणि मळमळ.

मळमळ कुठून येते?

मेंदूच्या खालच्या, मागच्या भागात एक छोटीशी जागा आहे. तिचं काम रक्ताची चव घेण्याचं. मेंदूच्या बाकीच्या भागाला रक्तातल्या नको त्या पदार्थांपासून संरक्षण असतं, एक गाळणीच असते म्हणा ना. या जागेला ती गाळणी नाही, कारण विष ओळखणं हीच तिची नोकरी. पोटात काही वाईट गेलं, रक्तात आलं, की ती उलटीचा हुकूम सोडते. अफूवर्गीय औषध या जागेला विषासारखंच भासतं.

दुसरं, ही औषधं पोटाची हालचाल मंदावतात. अन्न, आम्ल, पाणी तिथेच साचून राहतं. तिसरं, आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती या औषधांमुळे जास्त हळवी होते. म्हणून स्ट्रेचर वळवलं, पेशंटला लिफ्टमध्ये घातलं, खाटेवर पटकन उठवून बसवलं, की उमासे सुरू. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना भुलीनंतर उलटीचा त्रास जास्त होतो, त्याचं कारण हेच.

शिवाय भुलीचे जे वायू हुंगवतात तेही मळमळ आणतात, विशेषतः पहिल्या दोन तासांत. म्हणजे सगळा दोष अफूवर्गीय औषधांच्या माथी मारू नका.

आपला धोका आपणच मोजा

आता एक सोपा हिशेब. कागद-पेन लागत नाही, बोटं पुरतात. १९९९ साली जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिश्चियन आप्फेल आणि सहकाऱ्यांनी तो मांडला आणि आज जगभर वापरतात. चार प्रश्न:

एक, पेशंट स्त्री आहे का?
दोन, ती व्यक्ती सिगारेट-विडी न ओढणारी आहे का?
तीन, गाडी लागते का, किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का?
चार, ऑपरेशननंतर वेदनेसाठी अफूवर्गीय औषध लागणार आहे का?

प्रत्येक 'हो'ला एक गुण. शून्य गुण असेल तर शंभरातल्या दहा जणांना त्रास होतो. एकाला वीस, दोनाला चाळीस, तिनाला साठ आणि चारही असतील तर ऐंशी. आकडे अंदाजाचे आहेत, पण दिशा पक्की आहे. वय पन्नासच्या आत असेल तर धोका आणखी थोडा वाढतो.

दुसऱ्या प्रश्नावर मागच्या रांगेत हसू आलं, ते मला दिसलं. हो, सिगारेट ओढणाऱ्यांना मळमळ कमी होते, हे खरं आहे. पण त्यासाठी कुणी सिगारेट सुरू करू नका! मळमळ वाचेल आणि फुप्फुस जाईल. आणि आज विषय फुप्फुसाचाच आहे.

आता या चार प्रश्नांकडे नीट बघा. स्त्री असणं आपण बदलू शकत नाही. गाडी लागणं बदलू शकत नाही. भूलतज्ज्ञाच्या हातात असलेला प्रश्न एकच, चौथा. अफूवर्गीय औषधांविना भूल हा विचार मळमळीच्या बाबतीत इथून सुरू होतो.

छातीचीच गोष्ट वेगळी का?

आपल्याकडे छातीची ऑपरेशनं बऱ्याच कारणांनी होतात. क्षयरोगानंतर फुप्फुसाभोवती पू साचून जाड साल तयार होते, ती सोलून काढावी लागते. फुप्फुसाचा कॅन्सर असतो, फुगलेल्या हवेच्या पिशव्या असतात. फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे सिगारेटवाल्यांचा आजार असं आपण धरून चालतो, पण आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बायकांनाही तो होतो, आणि आशियात असं प्रमाण लक्षात येण्याजोगं आहे. म्हणजे स्त्री आणि धूम्रपान नाही, दोन गुण तिथेच झाले.

ऑपरेशनच्या वेळी घशातून दुहेरी नळी घालतात, ज्या बाजूला काम आहे ते फुप्फुस मिटवून ठेवतात आणि दुसऱ्या एकट्या फुप्फुसावर श्वास चालवतात. पूर्वी बरगड्या फाकवून मोठा छेद घ्यावा लागे. आता दुर्बिणीने लहान छिद्रांतून बरंच काम होतं. छातीत दुर्बीण घालायची कल्पना स्वीडनच्या याकोबेउस यांनी १९१० मध्येच प्रत्यक्षात आणली होती. पण फुप्फुसाचा भाग काढण्यापर्यंत ती पोचायला १९९० चं दशक उजाडलं.

छिद्र लहान असलं तरी दुखणं लहान नसतं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाने एक नस जाते. तिला धक्का लागतो, दाब बसतो. वर छातीतली नळी असते, बाटलीला जोडलेली. पायाचं हाड मोडलं तर पाय हलवायचा नाही असं सांगता येतं. छातीला कसं सांगणार? मिनिटाला पंधरा-वीस वेळा ती हलणारच.

मग पेशंट काय करतो? वरच्यावर श्वास घेतो. खोकत नाही. कफ साचतो, फुप्फुस नीट फुगत नाही, न्यूमोनिया होतो. तीन गोळ्यांचं ते श्वासाचं खेळणं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. दुखत असेल तर पहिली गोळीही वर जात नाही. म्हणून छातीच्या ऑपरेशननंतर वेदना दाबलीच पाहिजे, तिथे तडजोड नाही.

अडचण अशी, की ती दाबायला अफूवर्गीय औषध भरपूर दिलं तर श्वास मंदावतो, गुंगी येते आणि मळमळ सुरू होते. ताज्या टाक्यांवर, बरगड्यांमध्ये नळी असताना उमासा येणं म्हणजे काय, हे ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती. मळमळणारा पेशंट उठून चालत नाही, जेवत नाही, गोळ्या पोटात राहत नाहीत. चार दिवसांत घरी जाणारा सहा दिवस राहतो. दुखणं आणि मळमळ ही अशी दोन्हीकडून कोंडी आहे.

अफूवर्गीय औषधांशिवाय भूल कशी देतात?

कल्पना तीच, लंडींची. फक्त तिकडीतला एक गडी बदलायचा आणि त्याचं काम चार-पाच जणांत वाटून द्यायचं.

यातला सगळ्यात महत्त्वाचा गडी म्हणजे नस बधिर करणं. पाठीच्या कण्याच्या बाजूला, जिथून बरगडीची नस निघते, तिथे सोनोग्राफीत बघत बघत बधिरीचं औषध सोडायचं. याला पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक म्हणतात. १९०५ च्या सुमारास जर्मनीत सुरू झालेली ही पद्धत मध्ये विसरली गेली आणि १९७९ नंतर पुन्हा वर आली. छातीसाठी पूर्वी पाठीतली एपिड्युरल नळी हाच उत्तम उपाय मानत. एका बाजूच्या ऑपरेशनला पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक जवळपास तितकाच आराम देतो, आणि रक्तदाब घसरणं, लघवी अडकणं, मळमळ हे त्रास त्यात कमी. २०१६ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी इरेक्टर स्पायनी ब्लॉक नावाची आणखी सोपी पद्धत सांगितली. त्यात औषध पाठीच्या स्नायूखाली सोडतात. ती आपल्या शहरांतही बऱ्याच ठिकाणी करतात.

मग शिरेतून द्यायची औषधं. डेक्समेडेटोमिडीन नावाचं औषध झोपेसारखी शांतता आणतं, वेदना कमी करतं आणि श्वास फारसा दाबत नाही. केटामिन अगदी थोड्या मात्रेत. लिग्नोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडे बधिरीला देतात तेच, शिरेतून मोजून. मॅग्नेशियम. जोडीला पॅरासिटामॉल, आणि मूत्रपिंड ठीक असेल तर सुजेवरचं वेदनाशामक. यातली सगळी सगळ्यांना देत नाहीत. पेशंट बघून निवडतात.

हे खरंच चालतं का?

आता प्रामाणिकपणे सांगते, कारण इथे उत्साह फार आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याहून जास्त.

२०१९ साली तेवीस चाचण्या आणि तेराशेहून जास्त पेशंट एकत्र करून एक अभ्यास आला. त्यात छातीचीच नाही, वेगवेगळी ऑपरेशनं होती. ऑपरेशनच्या वेळी अफूवर्गीय औषध न देता भूल दिली, तर दोन तासांनी वेदना जवळपास सारखीच निघाली. मळमळ-उलटी मात्र सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली. म्हणजे फायदा आहे, पण तो मुख्यतः मळमळीत आहे. वेदनेत चमत्कार नाही.

दुसरी बाजूही ऐका. फ्रान्समध्ये एक मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाला अफूवर्गीय रेमिफेंटॅनिल, दुसऱ्याला त्याऐवजी डेक्समेडेटोमिडीन. मळमळ-उलटी पहिल्या गटात शंभरात सदतीस, दुसऱ्यात चोवीस. छान. पण डेक्समेडेटोमिडीनच्या गटात रक्तातला ऑक्सिजन कमी होण्याचं प्रमाण जास्त निघालं, पेशंट उशिरा जागे झाले, आणि पाच जणांच्या हृदयाचे ठोके धोकादायक इतके मंदावले. त्यामुळे ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. फुप्फुसाचा तुकडा काढलेल्या माणसाला ऑक्सिजन कमी पडणं परवडणारं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून 'अफूवर्गीय औषध शून्य' हे ध्येय धरून बसण्यापेक्षा 'जमेल तितकं कमी' हा मार्ग मला पटतो. नस नीट बधिर करा, बाकीची साधी औषधं वेळेवर द्या, आणि तरीही दुखलं तर थोडं मॉर्फिन द्यायला लाजू नका. फुप्फुसाच्या ऑपरेशनसाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांचाही रोख असाच आहे. अनेक उपाय एकत्र वापरा, नसेच्या बधिरीवर भर द्या, अफूवर्गीय औषधांची गरज कमी करा.

आणि मळमळ टाळायला दुसरेही साधे मार्ग आहेतच. २००४ साली पाच हजारांहून जास्त पेशंटांवर एक चाचणी झाली. ऑनडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिन्ही औषधांनी प्रत्येकी सुमारे सव्वीस टक्क्यांनी धोका कमी केला. हुंगवायच्या वायूऐवजी प्रोपोफॉलची शिरेतून भूल दिली तर एकोणीस टक्के. लक्षात घ्या, प्रत्येक उपाय आपापला हिस्सा उचलतो. एकावर एक घातले की फायदा वाढत जातो. म्हणून आता धोका जास्त असेल तर तीन-चार उपाय आधीच योजतात, उलटी व्हायची वाट बघत नाहीत.

मॉर्फिन म्हणजे शत्रू नव्हे

हे मुद्दाम वेगळं सांगते. अमेरिकेत अफूवर्गीय गोळ्यांचा सुळसुळाट झाला, व्यसन वाढलं, माणसं गेली. या नव्या भुलीकडे जगाचं लक्ष गेलं त्यामागे तेही एक कारण आहे. ते व्हिडिओ आपल्याकडे येतात आणि लोक घाबरतात. पण आपला प्रश्न उलटा आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि तरी आपल्याच देशातला कॅन्सरचा पेशंट मॉर्फिनच्या गोळीसाठी वणवण करायचा. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक, की दुकानदार आणि दवाखाने ते ठेवायलाच नको म्हणत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवाने सोपे झाले. तरी भीती गेलेली नाही.

तेव्हा माझं आजचं बोलणं ऐकून घरी कुणी आजोबांची मॉर्फिनची गोळी बंद करू नका. कृपा करा. कॅन्सरच्या वेदनेला ते औषध योग्य देखरेखीखाली वरदान आहे. मी बोलते आहे ते ऑपरेशनच्या दोन-चार दिवसांबद्दल.

तुम्ही काय करायचं?

भुलीच्या तपासणीला बसाल तेव्हा घाई करू नका. या गोष्टी स्वतःहून सांगा. आधीच्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का. गाडी लागते का. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का. हृदयाचे ठोके मंद आहेत किंवा ठोके मंदावणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. मूत्रपिंडाचा त्रास, अ‍ॅसिडिटी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर नक्की सांगा, कारण पाठीतल्या इंजेक्शनशी त्यांचा थेट संबंध आहे. वजनासाठी किंवा शुगरसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं. तंबाखू, मिश्री, विडी, काहीही असो, लपवू नका. आम्ही रागावत नाही.

उपाशी राहण्याचे नियम पाळा. साधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ अंतिम. आणि दुधाचा चहा हे पाणी नव्हे, खाणं आहे! "फक्त अर्धा कप घेतला होता" या एका वाक्याने ऑपरेशन पुढे गेलेलं मी कितीदा पाहिलंय.

ऑपरेशननंतर मळमळायला लागलं की सिस्टरना लगेच सांगा. उलटी झाल्यावर नाही, आधी. उठताना एका कुशीवर होऊन सावकाश उठा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मध्ये एक जागा असते. तिथे दाब दिल्याने मळमळ कमी होते असं अभ्यासांत दिसलंय. नातेवाइकांना काम हवं असतं, त्यांना हे काम द्या.

आणि नातेवाइकांनो, पहिल्या दिवशी साजूक तुपातला शिरा घेऊन जाऊ नका. घोट घोट पाणी, मग पेज. आलेपाकाची वडी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून.

एवढं बोलून थांबते. आता प्रश्न विचारा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न (ब विंगमधील एक काका): आम्ही सरळ डॉक्टरांना सांगू का, की अफूचं औषध अजिबात नको?

उत्तर: काका, तसं सांगू नका. असं विचारा, "उलटीचा धोका किती आहे आणि तुम्ही त्यासाठी काय करणार? नस बधिर करण्याचा उपाय माझ्यासाठी आहे का?" म्हणजे डॉक्टरांचे हात बांधले जात नाहीत आणि तुमची काळजीही पोचते.

प्रश्न: उलटीसाठीचं ते स्टेरॉइड शुगरवाल्यांना चालतं का?

उत्तर: डेक्सामेथासोनचा एकच डोस असतो. त्याने शुगर काही तास वाढू शकते. म्हणून शुगर तपासत राहतात. बहुतेकांना देता येतो, पण शुगर आधीच हाताबाहेर असेल तर दुसरं औषध निवडतात.

प्रश्न: दोन दिवस मॉर्फिन घेतलं तर सवय लागते का?

उत्तर: दवाखान्यात, वेदनेपुरतं, दोन-चार दिवस घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याची भीती फार कमी. घरी मात्र चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवसांपलीकडे गोळ्या चालू ठेवायच्या नाहीत, आणि उरलेल्या शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत. ट्रामाडॉलसुद्धा त्यातच आलं.

प्रश्न (क विंगमधील एक वहिनी): पुढच्या महिन्यात माझं फुप्फुसाचं ऑपरेशन आहे. गाठ लहान आहे म्हणतात. मला ऑपरेशनची भीती नाही. पण गर्भाशय काढलं तेव्हा दीड दिवस उलट्या होत होत्या. लोणावळ्याला जातानाही मला पिशवी लागते. तेच परत होणार असेल तर नकोच वाटतं.

उत्तर: वहिनी, बरं झालं सगळ्यांसमोर बोललात. तुमचे चारही गुण भरतात. म्हणजे काहीच केलं नाही तर त्रास होण्याची शक्यताच जास्त, हे मी लपवणार नाही. पण 'काहीच केलं नाही तर' हे शब्द महत्त्वाचे. प्रोपोफॉलची भूल, पाठीतला ब्लॉक, अफूवर्गीय औषध कमीत कमी, आणि उलटीविरुद्धची दोन-तीन औषधं आधीच, एवढं योजलं तर तो धोका बराच खाली येतो. शून्यावर येईल असं वचन मी देत नाही, कुणीही देऊ नये. पण दीड दिवस तसाच त्रास सोसत पडून राहायची वेळ येऊ नये. गर्भाशयाच्या ऑपरेशनचा जुना भुलीचा कागद, डिस्चार्ज कार्ड, जे असेल ते शोधून ठेवा. ते घेऊन या रविवारी सकाळी माझ्याकडे या, दादांनाही आणा. तुमच्या भूलतज्ज्ञांना काय सांगायचं ते आपण एका कागदावर मराठीत लिहून काढू. ऑपरेशन पुढे ढकलू मात्र नका. गाठ लहान आहे, तीच तर चांगली गोष्ट आहे.

आणखी एक, सगळ्यांसाठी. असा कागद प्रत्येक घरात असावा. आधीची ऑपरेशनं, भुलीनंतर झालेला त्रास, चालू औषधं, अ‍ॅलर्जी. सेक्रेटरीसाहेबांना मी एक नमुना करून देते, तो नोटीस बोर्डावर लावतील. मेन्टेनन्सच्या पावत्या आपण पंचवीस वर्षांच्या जपल्यात, तसा हाही जपू या.

  बाहेर चहा तयार आहे असं कळतंय. उद्या ऑपरेशन नसलेल्यांनी अवश्य घ्यावा.